निशाण खाली येईपर्यंत

जवळा वाळवायला ऊन लागतं, वारा लागतो आणि जागा लागते. ऊन-वारा घोळपाड्याला फुकटचा होता. जागा मात्र बापजाद्यांनी खाडीच्या चिखलात पाट्यांनी माती ओतून केली होती. चैत्र लागला की पुतळा ती जागा शेणानं सारवून घ्यायची आणि पाऊस येईपर्यंत तिचा दिवस तिथंच जायचा. पसरायचं, हलवायचं, कावळे हाकलायचे, संध्याकाळी गोळा करायचं. नवरा गेल्यापासून घर त्याच जागेवर उभं होतं.

त्या दिवशी ती ओल्या जवळ्याची पाटी डोक्यावर घेऊन आली, तर जागेभोवती दोरी बांधलेली. दोरीशी निळ्या गणवेशातली दोन माणसं खुर्च्या टाकून बसलेली. छातीवर ना नाव, ना बिल्ला. कुठले तुम्ही, कुणी बसवलं, असं तिनं विचारलं, तर ऑर्डर आहे म्हणाले. कुणाची ऑर्डर, ते त्यांनाही सांगता येईना. पाटीतलं पाणी तिच्या मानेवरून पाठीत उतरत होतं. शेवटी ती पाटी सांभाळत गुडघ्यात वाकली आणि स्वतःच्याच जागेत दोरीखालून चोरासारखी शिरली. त्यातला एकजण हसला.

नाल्याच्या पलीकडे सागरकमान वसाहत. तीस-तीस मजल्यांच्या इमारती, कमानीला दिवे, फाटकावर पहारा. खाडी दिसते म्हणून तिथली घरं विकली गेली होती, आणि खाडी दिसायची ती घोळपाड्याच्या डोक्यावरून. मध्ये वाळत घातलेला जवळा, पालथ्या घातलेल्या होड्या आणि त्यांचा वास. हा वास वसाहतीला सोसवत नव्हता. किनाऱ्यावर फिरायला फरसबंदी रस्ता हवा होता. पण किनारा गावाचा, आणि गावाची स्वतःची पंचायत. ग्रामसभेनं हात वर करून संमती दिली, तरच गाव वसाहतीच्या हद्दीत जाणार होतं. मग पंचायत बरखास्त होणार आणि किनाऱ्याचं काय करायचं ते वसाहत ठरवणार. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. पण आताचे नागोबा बिळात शिरण्याआधी बिळाची संमती घेतात.

संमती कशी घ्यायची याची तयारी होळीपासूनच चालली होती. आधी गावाचं पाणी कमी झालं. वसाहतीची नवी वाहिनी टाकली तेव्हापासून गावच्या नळाला धार येईना. बायका हंडे घेऊन ताटकळू लागल्या, भांडू लागल्या. मग एका सकाळी वसाहतीचा टँकर आला, त्यावर फलक: सागरकमान घोळपाड्याच्या पाठीशी. ज्यांनी पाणी तोडलं तेच पाणी पाजायला आले आणि त्याचे फोटोही काढून गेले. लोकांनी हंडे भरून घेतले. तहानेला लाज नसते.

मग रिक्षा फिरू लागली. वर भोंगा, आत घोळपाड्याचं आणि सागरकमानचं नातं किती जुनं आहे याची कहाणी. वसाहत उभी राहून दहा वर्षं झाली नव्हती, आणि नातं मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचं होतं. गावदेवीचं मूळ ठाणं म्हणे वसाहतीच्या बागेत होतं. देवी एक, माणसं एक, मग मध्ये नाला कशाला? फोनवर चित्रफिती यायच्या त्यात याहून वाईट होतं. धक्क्यावर मुसलमानांची चार घरं आहेत. ती किनारा बाहेरच्यांना विकणार, मग तुमच्या लेकीसुनांना तिथं पाय ठेवता येणार नाही, तुमचं रक्षण फक्त सागरकमान करील. त्या चार घरांतलं एक जाफरचं. देवीची पालखी दरवर्षी खाडीत फिरते ती त्याच्या घराण्याच्या होडीतून. पुतळाचा नवरा एकदा उधाणात बुडता बुडता वाचला तो जाफरच्या बापानं केसाला धरून ओढला म्हणून. हे सगळ्या गावाला माहीत होतं. तरी दोन-चार बायका जाफरच्या बायकोशी बोलायच्या थांबल्या.

आणि भोंग्यातला आवाज सौरभचा होता. पुतळाचा पोटचा मुलगा. कोपरखैरण्याला कुरिअरच्या गोदामात होता, ते काम सुटलं, आणि आता वसाहतीनं त्याला गळ्यात ओळखपत्र घालून 'समन्वयक' केला होता. आवाज बापाचा घेतला होता, खणखणीत. पुतळा जवळा हलवायची आणि तोच आवाज रस्त्यानं खोटं बोलत जायचा.

भिंतीभिंतींवर एकच प्रश्न लागला होता. तुम्हाला काय हवं? आताच सामील होणं, की टप्प्याटप्प्यानं सामील होणं? पुतळाला वाचायला वेळ लागला, पण तिनं वाचलं. मग ती सरपंच हौसेरावाच्या दारात गेली आणि 'नको' कुठं लिहिलंय म्हणून विचारलं. हौसेराव गावातलाच, नात्यानं तिचा दीर लागायचा. वसाहतीचा कचरा उचलायचा ठेका त्याच्याकडे. तो दात कोरत हसला. नको म्हणणारं गावात आहेच कोण वहिनी, मग छापायचं कशाला, असं म्हणाला, आणि तिला चहा न विचारता आत गेला.

दुपारी सौरभ जेवायला आला तेव्हा सून ज्ञानेश्वरी ओसरीवर बोंबील साफ करत बसली होती. पुतळानं त्याला ताट वाढलं आणि समोरच बसली. हे खोटं का बोलतोस, एवढंच तिनं विचारलं. तो आधी टेन्शन नको घेऊस म्हणाला. मग म्हणाला, होणार ते होणारच आहे, आपण नाही म्हटलं तर काय टॉवर मागे सरकणारेत? जे आधी गेले त्यांचं भलं होतं, मागून जातात ते लाथा खातात. तळवलीचा मामा शेवटपर्यंत अडून बसला, त्याला ना जागा राहिली ना पैसा मिळाला, बघितलंस ना. ज्ञानेश्वरीनं मान वर केली नाही, पण कोयता पाटावर जरा जोरात आपटला.

"जाफरभायचं नाव का घेतंस?" पुतळा म्हणाली. "त्यांनी तुज्या बापाला वाचवला."

"मी नाय गं आये घेत. ते वरून लिहून येतं. मी फक्त वाचतो."

कोपऱ्यात देवीचं निशाण उभं होतं, तेलानं काळा झालेला बांबू आणि वर गुंडाळलेलं भगवं कापड. निशाण धरायचा मान त्यांच्या घराचा. नवरा गेल्यापासून तो सौरभकडे आला होता. वाचायला दुसऱ्याचं मिळालं तरी धरायला आपलं आहे, असं पुतळाला त्या वेळी वाटलं. माणूस किती भोळं असतं.

पालखीचा दिवस उजाडला तेव्हा कळलं की ग्रामसभाही त्याच दिवशी, त्याच जागी आहे. लोक जमलेलेच असतात, पुन्हा कशाला त्रास, असं हौसेरावानं सांगितलं. संध्याकाळी वसाहतीतून बसगाड्या भरून माणसं आली. नवी कोरी नऊवारी नेसलेल्या बाया, कपाळाला टिळे लावलेले पुरुष, देवीचे नातेवाईक म्हणून. त्यांना धक्क्यावर पुढं उभं केलं. गावाच्या बायका मागं चिखलात.

घोळपाड्याची एक रीत आहे. पालखी पाण्याच्या कडेला येऊन थांबते. निशाण उभं राहतं आणि देवीआईच्या नावाची हाक होते. हाक झाली की जो तिथं असेल त्यानं उजवा हात वर करायचा, पंजा उघडा, आणि निशाण पाण्याकडं झुकेपर्यंत तो खाली आणायचा नाही. निशाण उभं असताना ज्यानं हात खाली घेतला त्याचं जाळं वर्षभर रिकामं येतं, आणि होडीही सुखरूप येईल याचा भरवसा नाही. खाडीत ज्यांची माणसं जातात त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तसा फार वेळ नसतोच तो. एक नारळ फुटायला लागतो तेवढा, मग निशाण झुकतं.

नारळ फुटला. निशाण झुकलं नाही.

पुतळाला आधी वाटलं, कापड अडकलं असेल. सौरभ पालखीपुढं ताठ उभा होता, दोन्ही हातांत बांबू. मग भोंगा खरखरला आणि हौसेरावाचा आवाज आला. घोळपाडा ग्रामपंचायतीची ही विशेष ग्रामसभा असा ठराव करते की गाव सागरकमान वसाहतीच्या हद्दीत तात्काळ सामील व्हावं. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावेत. सगळ्यांचे हात वरच होते. डोक्यावरून भुणभुण करत कॅमेऱ्याचं ड्रोन फिरू लागलं. हौसेरावानं ठराव पुन्हा वाचला, सावकाश.

पुतळानं ऐकलं. शब्द न्‌ शब्द ऐकला. तिला बोंब मारायची होती, हात खाली आपटायचा होता. पण शेजारणीचा नवरा आणि तिचा स्वतःचा भाचा खाडीत होते, होडी अजून आली नव्हती, आणि समोर निशाण उभं होतं. खांद्यातून कळ निघून बोटांपर्यंत गेली. घाम डोळ्यांत उतरला तरी तिनं तो पुसला नाही. मागं जाफर उभा होता, घराण्याच्या मानानं होडी घेऊन आलेला. त्याचाही हात वर होता. हौसेराव 'एकमतानं मंजूर' म्हणाला, धक्क्यावरच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तेव्हा कुठं सौरभनं निशाण झुकवलं. देवीपुढं उभं राहून माणसांना असं बांधून ठेवायचं आणि खिसे कापायचे. असं चोरसुद्धा करत नाहीत.

चार दिवसांत नाक्यावर मोठा फलक लागला. घोळपाड्यानं कौल दिला! खाली हातांचं रान, आणि त्यात मधोमध घामेजलेली, डोळे ताणलेली पुतळा. कोपऱ्यात जाफरचा वेगळा फोटो: मुस्लिम बांधवांचाही पाठिंबा. काल ज्याला चोर ठरवला त्याला आज बांधव केला. ती भाजी आणायला गेली तर एक अनोळखी बाई तिला ओळखून अभिनंदन करून गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण इथं हात दाखवायला लावणारा तिच्याच घरात जेवत होता.

गावात मात्र कुणी अभिनंदन केलं नाही. नळावर ती गेली की बायका हंडे सरकवून घ्यायच्या. एकीनं तोंडावर सांगितलं, आमचे हात तुझ्या पोरानं धरून ठेवले. खरं होतं ते. ती रिकामा हंडा घेऊन घरी आली.

मग किनाऱ्यावर लोखंडी खांब आले. निळ्या गणवेशातली माणसं आता दहा-बारा झाली होती, त्यांत गावातलीही दोन पोरं. जागा मोकळी करा म्हणाले. पुतळा म्हणाली, आजचा जवळा अर्धा ओला आहे, संध्याकाळपर्यंत थांबा. त्यांनी ऐकून घेतलं आणि फावडी घातली. पसरलेला जवळा खांबांसाठी टाकलेल्या रेतीत, खडीत ओढून त्याचा ढीग केला. रेती लागलेला जवळा कोंबड्यांना घालायच्याही लायकीचा राहत नाही. ती ढिगाशी बसली आणि हातानं रेती निवडू लागली, जेवढी निवडता येईल तेवढी. फावडं धरलेलं गावातलं पोर दुसरीकडं बघत उभं राहिलं.

सौरभ घरी आला तेव्हा तिनं तो जवळा ताटात घेऊन त्याच्यापुढं ठेवला.

"नारळ फुटाया किती येळ लागतो रं?"

तिनं पुन्हा विचारलं. तेव्हा त्यानं खाली बघत सांगितलं की हौसेकाका फक्त थोडा वेळ धर म्हणाले होते. कशासाठी ते माहीत होतं का, असं ज्ञानेश्वरीनं विचारलं. ताट तसंच ठेवून तो उठला.

जाफर आणि तीन-चार बायका तालुक्याला जाऊन तक्रार देऊन आल्या. पुतळाही गेली, सगळ्यांच्या मागून. येताना जाफर म्हणाला, "पुतळाबाय, हात माजाबी वर होता. आईचं नाव घेतल्यावर खाली कसा घेनार?" त्या आठवड्यात तिच्याशी आपणहून बोललेला तो एकटाच होता.

चौकशीला अधिकारी आला तो भर दुपारी. वसाहतीनंच त्याच्यासाठी किनाऱ्यावर मांडव घातला, खुर्च्या ठेवल्या, गार पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. गावाला उन्हात उभं केलं. हौसेराव साहेबांच्या शेजारी बसला. अधिकारी माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. त्यानं बायकांचं ऐकून घेतलं. आमचे हात देवीला होते, ठरावाला नव्हते, असं त्या परोपरीनं सांगत होत्या. त्यानं फोनवर ती चित्रफीत लावली. ठराव वाचल्याचं स्वच्छ ऐकू येतंय, म्हणाला. नको होतं तर हात खाली घ्यायचे. कुणी धरले होते का तुमचे हात? एवढा वेळ कुणी उगाच हात वर ठेवतं का?

हौसेरावानं मान हलवली. अडाणी लोक आहेत साहेब, कुणीतरी भडकवतं, असं म्हणून त्यानं जाफरकडं बघितलं.

पुतळा गर्दीतून मागं फिरली. बायकांना वाटलं, तोंड लपवून चालली. घरात येऊन ती कोपऱ्यातल्या निशाणापुढं थांबली. विधवेनं निशाणाला हात लावायचा नसतो. बाईनंच लावायचा नसतो. ज्ञानेश्वरी चुलीपुढून उठली, सासूच्या तोंडाकडं तिनं एकदा बघितलं आणि काही न विचारता कापडाची गाठ सोडली.

तेलकट बांबू जड होता. पुतळा तो खांद्यावर घेऊन आली तेव्हा किनाऱ्यावर पोचेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. मांडवापुढं येऊन तिनं निशाण दोन्ही हातांनी उभं केलं. खाडीचा वारा कापडात शिरला. मग तिनं आईच्या नावाची हाक दिली. आवाज चिरका निघाला, पण निघाला.

हात वर गेले. बायकांचे गेले, जाफरचा गेला. निळ्या गणवेशातल्या गावच्या दोन पोरांचे गेले. आणि साहेबांच्या शेजारी बसलेला हौसेराव उठून उभा राहिला, हातातली बाटली त्यानं डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर केला. त्याचे दोन भाऊ त्या वेळी खाडीत होते. फक्त वसाहतीची माणसं आणि अधिकारी एकमेकांकडं बघत राहिले.

"घोळपाड्याची ही सभा असा ठराव करते," पुतळा म्हणाली, हौसेराव म्हणाला होता त्याच शब्दांत, "की आमचं गाव आमचं हाय. ते कोनात जानार नाय. हे खांब आजच उपटायचे. ज्यांना मान्य असंल त्यांनी हात वर करा."

कुणाचाही हात हलला नाही.

"मोजा, सायेब. हौसेराव सरपंचांचाबी हात वर हाय. एकमतानं मंजूर लिवा."

अधिकारी चिडला. ही काय सभा आहे का, म्हणाला, ते खाली घ्या आधी. पुतळा म्हणाली, मग ती तरी सभा होती का? अधिकारी हौसेरावाकडं वळला आणि तुमचा या ठरावाला पाठिंबा आहे का, असं त्यानं विचारलं. छे, अजिबात नाही, हौसेराव म्हणाला. त्याच्या काखेत घामाचा डाग पसरला होता.

"मग हात खाली का घेत नाही तुम्ही?" अधिकाऱ्यानं विचारलं.

हौसेरावानं निशाणाकडं बघितलं, खाडीकडं बघितलं. हात वरच राहिला. साऱ्या गावासमोर, उन्हात, तो लबाड माणूस खांबासारखा उभा होता आणि बायका त्याच्याकडं बघत होत्या. त्यांच्याही हातांना कळा लागल्या होत्या, पण त्या दिवशी कुणाची तक्रार नव्हती.

पुतळाचे दंड मात्र थरथरायला लागले होते. वारा कापड ओढत होता. बांबू एकदा डावीकडं कलला, तिनं सावरला, पुन्हा कलला. तेवढ्यात मांडवामागून सौरभ येताना तिला दिसला. गळ्यात ते ओळखपत्र होतंच. वसाहतीचा कुणी माणूस त्याला पटकन काढून घे म्हणून ओरडला. पुतळानं बांबू छातीशी घट्ट धरला. आता हाही आपल्याशी झोंबणार, असं तिला वाटलं.

सौरभनं तिच्या हातांखाली बांबू धरला. भार त्याच्या अंगावर गेला, निशाण सरळ झालं.

"साहेब," तो म्हणाला, "त्या दिवशी नारळ फुटल्यावर निशाण झुकवायचं असतं. मी झुकवलं नाही. ठराव वाचून होईपर्यंत मला धरून ठेवायला सांगितलं होतं. हौसेकाकांनी. मला माहीत होतं कशासाठी ते."

अधिकाऱ्यानं हौसेरावाच्या वर केलेल्या हाताकडं पुन्हा एकदा बघितलं. मग तो खुर्चीवर बसला, पुढ्यातला कागद ओढला, आणि सुरुवातीपासून सांग, असं सौरभला म्हणाला. सौरभ सांगू लागला. तेच खणखणीत नरडं, पण शब्द अडखळत येत होते. हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं. सांगण्याच्या नादात त्याचे हात सैल पडू लागले.

"आता खाली घेऊ नको," पुतळा हळूच म्हणाली. "सायबांचं लिवून होऊ दे."